पटाशी आणि कुंचला

श्वान कागदावर पडलेला शाईचा थेंब परत घेता येत नाही. चीनच्या आन्हुई प्रांतातील चिंग परगण्यात, चंदनवेल नव्हे तर चिंगतान नावाच्या वृक्षाची साल आणि भाताचा पेंढा कुटून हा कागद शेकडो वर्षे तयार होत आला आहे. तो पांढरा, मऊ आणि विलक्षण तहानलेला असतो. शाईने भिजलेला कुंचला त्यावर क्षणभर थबकला, तर डाग पसरतो. घाईने सरकला, तर रेघेच्या पोटात कोरड्या पांढऱ्या फटी उरतात. तैलचित्रकाराला चूक झाकण्यासाठी वर दुसरा थर देता येतो. येथे खोडणे नाही, झाकणे नाही. हाताने जे केले, ते कागद जसेच्या तसे सांगतो.

शाईही बाटलीतून येत नाही. काजळी आणि सरस एकत्र मळून केलेली कांडी दगडी शिळेवर पाणी घालून उगाळावी लागते. देवघरातील सहाणेवर चंदन उगाळताना मनाला जी संथ लय लागते, तीच लय चित्र आरंभण्यापूर्वी चिनी चित्रकाराला लाभते. पाणी कमी-अधिक करून त्या एकाच काळ्या शाईतून दाट, गडद, मध्यम, फिकट आणि अगदी धुक्यासारखी अशा छटा काढल्या जातात. या साधनांवर उभ्या राहिलेल्या मुक्तहस्त शैलीला चिनी भाषेत ‘श्येयी’ म्हणतात. मनातील आशय कागदावर लिहून काढणे, असा त्या शब्दाचा साधारण भाव आहे. चित्र रंगवायचे नसते, ते लिहायचे असते, ही कल्पनाच मुळी या कलेचे मर्म सांगून जाते.

अनेक शतके ही कला विद्वान मंडळींची मानली गेली. सरकारी परीक्षा उत्तीर्ण झालेला, काव्यशास्त्रात मुरलेला अधिकारी ज्या कुंचल्याने अर्ज आणि कविता लिही, त्याच कुंचल्याने फावल्या वेळी बांबू, खडक, ऑर्किडची पाने रेखाटी. चित्र हुबेहूब झाले की नाही, हे पाहणे पोरकटपणाचे आहे, असे अकराव्या शतकातील कवी सू शी यांचे मत होते आणि पुढच्या पिढ्यांनी ते शिरोधार्य मानले. कौशल्य हे कारागिराचे लक्षण, तर चित्तवृत्ती हे सज्जनाचे, असा भेद रूढ झाला. सज्जन चित्र विकत नसे, निदान विकतो असे म्हणत नसे. स्नेह्याला भेट द्यावे आणि त्याने परतभेट पाठवावी, हा शिष्टाचार होता.

विसाव्या शतकाच्या आरंभी या सौधाचा पायाच खचला. १९०५ साली सरकारी परीक्षांची जुनी पद्धत रद्द झाली आणि १९११च्या क्रांतीने छिंग राजवट संपवली. ज्या वर्गाच्या जीवनक्रमातून ही कला उमलली होती, तो वर्गच पांगला. चित्रेही तोवर निस्तेज झाली होती. सतराव्या शतकातील आचार्यांची नक्कल करायची, मग त्या नकलेची नक्कल करायची, असे चालले होते. १९१७ साली सुधारक कांग यूवेई यांनी आपल्या संग्रहाच्या सूचीत चिनी चित्रकला अवनतीच्या टोकाला पोहोचली असल्याचे लिहिले. त्यानंतर लवकरच चेन दूश्यू यांनी ‘नवतारुण्य’ या मासिकातून चित्रकलेत क्रांतीची हाक दिली. पाश्चात्त्य वास्तववाद स्वीकारल्यावाचून तरणोपाय नाही, असे त्यांचे म्हणणे होते. देश दुबळा झाला होता, परकीयांकडून वारंवार अपमानित झाला होता. आगगाडी आणि तोफा यांच्या युगात धुक्यातले डोंगर काढीत बसणारी कला तरुणांना त्या दुबळेपणाचेच रूप वाटावी, हे अगदी स्वाभाविक होते.

या कलेला पुन्हा प्राण ज्यांच्या हातून लाभला, त्यांत एका सुताराचा वाटा फार मोठा आहे.

छी बायशी यांचा जन्म १८६४ साली हूनान प्रांतातील श्यांगतान परगण्यात एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. आजोबांना थोडीफार अक्षरओळख होती. चुलीपुढे बसून चिमट्याच्या टोकाने राखेत अक्षरे काढून त्यांनी नातवाला ती गिरवायला शिकवले. पाटी नव्हती, पण धुळाक्षरांना राख पुरते. पुढे आईच्या वडिलांच्या शाळेत तो मुलगा जाऊ लागला. परंतु ते शिक्षण एक वर्षही पुरते टिकले नाही. आजारपण आले, पीक बुडाले आणि घरात काम करणारे हात कमी पडले. शाळा सुटली ती कायमची. मुलगा गुरे राखू लागला, सरपण गोळा करू लागला. तो परत येतो आहे हे दुरून कळावे, म्हणून आजीने त्याच्या गळ्यात एक छोटी घंटा बांधली होती. संध्याकाळी घंटेचा आवाज ऐकू आला की ती चूल पेटवी. वार्धक्यात छी बायशी यांनी स्वतःसाठी ज्या मुद्रा कोरल्या, त्यांतील एकीवर ‘घंटा धारण करणारा’ अशा अर्थाची अक्षरे आहेत.

अंगात फारसे बळ नसल्याने शेतीचे जड काम मुलाला झेपेना. तेव्हा घरच्यांनी त्याला सुतारकामाला लावले. पहिला उस्ताद घरांचे सांगाडे, तुळया अशी मोठी कामे करणारा होता. एके दिवशी कामावरून परतताना समोरून तीन माणसे आली. त्यांच्या खांद्यावरही सुताराचीच हत्यारे होती. पण उस्ताद अदबीने बाजूला सरून उभा राहिला. ती बारीक कोरीव काम करणारी मंडळी होती आणि आपल्यासारख्याने त्यांच्याशी बरोबरी करू नये, असे उस्तादाचे म्हणणे पडले. कारागिरांच्या जगातही अशी उतरंड असते. मुलाच्या मनाला ते लागले. थोड्याच काळात तो चौ चिमेई या कोरीव काम करणाऱ्या सुताराकडे शिकू लागला आणि पलंग, कपाटे यांवर फुले, पाखरे, पुराणकथांतील माणसे कोरण्यात पारंगत झाला.

विसाव्या वर्षाच्या सुमारास एका गिऱ्हाइकाच्या घरी त्याला रंगीत छपाईची एक चित्रपोथी दिसली. ‘मोहरीच्या दाण्याएवढी बाग’ अशा अर्थाच्या नावाचा हा ग्रंथ १६७९ सालापासून चीनमध्ये चित्रकलेची बाराखडी शिकवीत आला आहे. झाडाची फांदी कशी फुटते, खडकाच्या घड्या कशा पडतात, पान पुढून कसे आणि मागून कसे, हे त्यात पायरीपायरीने दाखवलेले असते. छी यांनी ती पोथी उसनी आणली आणि दिवसभराचे काम संपल्यावर रात्री दिव्याच्या उजेडात, पारदर्शक कागद ठेवून, सुमारे सहा महिने ती उतरवून घेतली. तोपर्यंत आपण कोरीत आलेल्या आकृत्यांची प्रमाणे किती चुकीची होती, हे त्यांना या अभ्यासातून उमगले.

विधिवत गुरू लाभायला आणखी काही वर्षे जावी लागली. चिनी गणनेप्रमाणे छी सत्तावीस वर्षांचे असताना हू छिनयुआन या जाणकार गृहस्थांचे लक्ष त्यांच्याकडे गेले. घरसंसार असलेल्या या वयात पुस्तके कशी वाचायची, शुल्क कोठून आणायचे, असा छी यांचा प्रश्न होता. प्राचीन काळचे एक नामवंत लेखक सू शून हेही त्याच वयात अभ्यासाला लागले होते, हे हू यांनी त्यांना दाखवून दिले आणि शुल्क माफ केले. चित्रे विकून पोट भरता येईल, असेही सुचवले. हा सल्ला नीट पाहिला तर मोठा गमतीचा आहे. विद्वानांच्या कलेत प्रवेश देतानाच गुरूने शिष्याला विद्वानांच्या शिष्टाचाराबाहेर ठेवले. छी यांनी रंधा आणि पटाशी बाजूला ठेवली आणि गावोगाव लोकांच्या तसबिरी काढून ते प्रपंच चालवू लागले. कविता शिकले. दगडी मुद्रा कोरायला शिकले. १९०२ ते १९०९ या काळात पाच वेळा दूरचे प्रवास करून त्यांनी आपल्या देशाचे डोंगर आणि नद्या डोळे भरून पाहिल्या.

मग गावाकडे दरोडेखोरांचा उपद्रव वाढला. १९१७ साली छी बीजिंगला आले आणि १९१९मध्ये तेथेच स्थायिक झाले. वय पन्नाशीच्या पुढे गेलेले होते. राजधानीने त्यांचे मुळीच स्वागत केले नाही. त्यांच्या चित्रांवर तेव्हा सतराव्या शतकातील बादा शानरेन या विरक्त चित्रकाराचा प्रभाव होता. एखादे एकाकी पाखरू, एखादा खडक, बाकी सारे रिकामे, अशी ती थंड, अबोल चित्रे होती. एका पंख्यावरील चित्राची किंमत ते दोन रौप्य डॉलर सांगत. इतर चित्रकारांच्या मानाने ती निम्मी होती, तरी घेणारे क्वचितच येत. ज्यांना पदव्यांचा अभिमान होता, ते त्यांच्या चित्रांना रानटी आणि कवितांना अडाणी म्हणत. सुताराचा हात दिसतो, हा त्या टीकेचा गाभा होता.

या काळात त्यांना चेन शिझेंग भेटले. चेन (१८७६–१९२३) हे नामांकित विद्वान घराण्यातील होते आणि जपानमध्ये निसर्गविज्ञान शिकून आले होते. म्हणजे ज्या दोन जगांची त्या वेळी झुंज चालली होती, त्या दोन्हींचे ते नागरिक होते. आरंभी त्यांनाही पाश्चात्त्य पद्धतीचे आकर्षण होते. परंतु १९२१ साली त्यांनी विद्वत्‌चित्रकलेच्या मूल्यावर एक निबंध लिहिला आणि तीत उणीव म्हणून जे दाखवले जात होते, तेच तिचे बळ असल्याचे प्रतिपादन केले. हुबेहूबपणाचा आग्रह सोडणे ही पीछेहाट नसून पुढचे पाऊल आहे. चित्रात चित्रकाराचे चारित्र्य, विद्या, प्रतिभा आणि विचार उतरावे लागतात, असे त्यांचे मत होते. युरोपातील नवे चित्रकारही त्याच सुमारास हुबेहूबपणापासून दूर चालले होते, ही गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती.

चेन यांनी बीजिंगच्या बाजारात छी यांच्या मुद्रा पाहिल्या आणि ते आपणहून त्यांच्या बिऱ्हाडी गेले. हे येणे महत्त्वाचे आहे. उच्च कुळातील विद्वान एका माजी सुताराच्या दारात गेला, आणि गेला तो त्याला सुसंस्कृत करण्यासाठी नव्हे. दुसऱ्याच्या पसंतीसाठी स्वतःला मुरड घालू नका, कोणासारखे होऊ नका, आपला मार्ग आपण काढा, असे त्यांनी छी यांना सांगितले. छी यांनी ते मनावर घेतले. साठीच्या उंबरठ्यावर, ज्या वयात माणसे मिळवलेले सांभाळतात, त्या वयात त्यांनी मिळवलेली शैली मोडायला काढली. चिनी कलेतिहासात या पर्वाला ‘उतारवयातील परिवर्तन’ असे नाव आहे. ते सुमारे दहा वर्षे चालले.

या काळात घडले ते असे. बादा शानरेन यांची थंड शांतता मागे पडली. पाने काळ्या शाईतच राहिली, पण फुले एकदम भडक लाल झाली. विद्वानांच्या दृष्टीने असा लाल रंग म्हणजे अभिरुचीचा अभाव. तो जत्रेतल्या चित्रांचा, लग्नघराच्या दाराचा रंग. छी यांनी तो शाईशेजारी असा ठेवला की शाईचा काळेपणा अधिक खोल आणि लाल रंग अधिक ताजा दिसू लागला. या वाटेवर त्यांच्या आधी शांघायचे वू चांगशुओ (१८४४–१९२७) चालले होते. प्राचीन शिलालेखांची जाड, खडबडीत अक्षरे आयुष्यभर गिरवून त्यांनी तो खडबडीतपणा वेलींच्या आणि फुलांच्या रेषेत आणला होता. नकलांनी गुळगुळीत झालेल्या रेषेला दगडाचा स्पर्श हवा होता. छी यांच्याजवळ दगडाबरोबर लाकडाचाही स्पर्श होता. मुद्रा कोरताना ते रेषेवरून एकदाच पाते फिरवीत, दुसऱ्या बाजूने तासून ती साफसूफ करीत नसत. पटाशीचा घाव मागे घेता येत नाही, हे त्यांच्या हाताला चौदाव्या-पंधराव्या वर्षापासून ठाऊक होते. श्वान कागदालाही नेमके हेच ठाऊक असलेला हात लागतो. ज्या कौशल्याला विद्वानांनी कारागिरी म्हणून खालच्या पायरीवर बसवले होते, तेच त्यांच्या मरगळलेल्या रेषेला उभे करायला धावून आले.

विषयही पालटले. बांबू आणि ऑर्किड यांच्या सोज्ज्वळ मेळ्यात आता चिनी कोबी आली, अळूचे कंद आले, गवत ओढायचे दाताळे आले, हिशेबाची मण्यांची चौकट आली, दिव्यातील तेलावर डोळा ठेवून आलेला उंदीर आला. पिओनीला फुलांची राणी म्हणतात, मग कोबीला भाज्यांचा राजा का म्हणू नये, अशी मिश्किल तक्रार त्यांनी एका चित्रावर नोंदवली आहे. हे विषय त्यांनी गरिबांविषयीच्या कळवळ्याने निवडले, असे समजण्याचे कारण नाही. दाताळे त्यांनी स्वतः हातात धरले होते. विद्वान ज्या घरगुतीपणाने बांबू काढीत, त्याच घरगुतीपणाने छी दाताळे काढीत. आपल्या जगण्यातील वस्तू काढायची, हा त्या शैलीचा मूळ धर्म या अर्थाने त्यांनीच अधिक निष्ठेने पाळला.

१९२२ साली चेन शिझेंग चीन आणि जपान यांच्या एका संयुक्त प्रदर्शनासाठी तोक्योला गेले, तेव्हा त्यांनी छी यांची काही चित्रे बरोबर नेली. ती सगळीच्या सगळी विकली गेली. फुलाच्या एका चित्राला शंभर रौप्य डॉलर आले आणि दोन फुटांच्या एका निसर्गचित्राला अडीचशे. बीजिंगमध्ये दोन डॉलरना कोणी विचारीत नव्हते, तेथे आता परदेशी ग्राहक दारात उभे राहू लागले आणि त्यांच्यामागून देशीही आले. पिकते तिथे विकत नाही, ही म्हण चीनच्या राजधानीलाही लागू पडावी, यात नवल नाही. चेन मात्र हे यश फार काळ पाहू शकले नाहीत. पुढच्याच वर्षी, १९२३ साली, त्यांचे निधन झाले. छी त्यांच्याविषयी आयुष्यभर कृतज्ञतेने बोलत राहिले.

आता छी यांनी आपल्या दिवाणखान्यात दरपत्रकच लावले. चित्राची किंमत त्याच्या लांबीरुंदीवर ठरे. फुलांत एखादा किडा किंवा पाखरू हवे असल्यास त्याचे वेगळे पैसे पडत. घासाघीस केलेली त्यांना मुळीच खपत नसे. जुन्या वळणाच्या रसिकांना हा कलेचा अपमान वाटला. परंतु दिवसभराच्या कामाचे मोल उघडपणे सांगणे ही सुतारांची रीत आहे आणि तीत लपवण्यासारखे काही नाही. परतभेटीच्या नावाखाली चालणाऱ्या जुन्या देवघेवीपेक्षा ती अधिक स्वच्छही म्हणता येईल. त्यांच्या मुद्रांपैकी एकीवर ‘लू बान यांच्या शाळेतला’ असे कोरलेले आहे. लू बान हे चिनी सुतारांचे आद्य दैवत; भारतीय कारागिरांना जसा विश्वकर्मा, तसे. जे मूळ लपवावे असे राजधानीला वाटत होते, ते त्यांनी लाल शाईत चित्राखाली उमटवले.

त्यांच्या कोळंब्या जगप्रसिद्ध आहेत. लहानपणी गावच्या तळ्याकाठी पाहिलेला हा जीव त्यांनी म्हातारपणी टेबलावर पाण्याच्या भांड्यात पाळला आणि वर्षानुवर्षे पाहिला. आरंभीच्या कोळंब्या बऱ्याच हुबेहूब आहेत, आणि म्हणूनच काहीशा निर्जीव. पुढे एकेक गोष्ट गळत गेली. पोहण्याचे पाय दहाचे आठ झाले, मग सहा आणि शेवटी पाच. शरीराचा प्रत्येक खंड फिकट शाईच्या एकेका टेकणीत येतो. डोक्याचा भाग ओला असतानाच त्यात दाट शाईचा एक ठिपका सोडला जातो आणि तो आतल्या आत पसरून पारदर्शक देहाचा भास होतो. मिशा मात्र एका दमात ओढलेल्या, तारेसारख्या ताठ आणि तरी लवचिक. पाणी कोठेच काढलेले नसते. कोरा कागद म्हणजेच पाणी. चित्र फार सारखे झाले तर ते बाजारू होते आणि अगदीच सारखे नसले तर ती फसवणूक ठरते, या दोहोंच्या मधल्या जागी चित्रकाराने राहावे, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे प्रसिद्ध आहे. पाच पायांची कोळंबी त्या मधल्या जागेत राहते.

अर्थात या यशाची दुसरी बाजूही आहे. मागणी वाढली तशा कोळंब्याही वाढल्या. हजारो चित्रांमध्ये काही केवळ हाताच्या सवयीने उतरली आहेत, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. नकली चित्रांचा तर सुळसुळाट झाला. एकाच माणसाची नक्कल करणारा नवा संप्रदाय निर्माण व्हावा, हा पुनरुज्जीवनाला मिळालेला शापच म्हणायचा. छी यांना त्याची जाणीव होती. माझ्यापासून शिकेल तो तरेल, माझ्यासारखा होईल तो मरेल, असा त्यांच्या उपदेशाचा मथितार्थ होता.

हा उपदेश ज्यांनी पाळला, त्यांच्यामुळे ही धारा पुढे वाहिली. ली खूचान (१८९९–१९८३) हा खेड्यातून आलेला विद्यार्थी रात्री बीजिंगच्या रस्त्यांवर हातरिक्षा ओढून शिक्षणाचा खर्च भागवीत असे. छी यांनी १९२३ साली त्याला शिष्य म्हणून स्वीकारले. त्याने कोळंब्या काढल्या नाहीत. त्याने गरुड आणि कमळे काढली. ली खरान (१९०७–१९८९) यांनी निसर्गचित्रांत काळ्या शाईचे एवढे थर चढवले की त्यांचे डोंगर जणू आतून उजळलेले दिसतात. विद्यालयांची दारेही उघडली. १९२७ साली लिन फेंगमियान आणि त्यानंतर श्यू बेइहोंग या फ्रान्समध्ये शिकून आलेल्या दोघा चित्रकारांनी छी यांना बीजिंगच्या कलाविद्यालयात शिकवण्यासाठी बोलावले. आपण खेडवळ माणूस, नव्या पद्धतीच्या शाळेत आपला निभाव कसा लागणार, या शंकेने ते प्रथम नाहीच म्हणत होते. वर्षभरही शाळेत न टिकलेला माणूस वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी वर्गात शिक्षक म्हणून उभा राहिला. पाश्चात्त्य वास्तववादाचे खंदे पुरस्कर्ते असलेल्या श्यू बेइहोंग यांनी त्यांची पाठराखण करावी, यातच त्या काळातील वादापेक्षा त्या काळातील माणसे मोठी होती, हे दिसते. हेच श्यू बेइहोंग रवींद्रनाथ ठाकूरांच्या निमंत्रणावरून १९३९ साली शांतिनिकेतनात आले होते आणि पुढच्या वर्षी भारतातच त्यांनी डोंगर हलवणाऱ्या वेड्या म्हाताऱ्याच्या चिनी कथेवर आपले भव्य चित्र रंगवले. त्या चित्रातील काही देहयष्टी भारतीय माणसांच्या आहेत.

१९३७पासून आठ वर्षे बीजिंग जपानी सैन्याच्या ताब्यात होते. ज्या जपानमध्ये आपली चित्रे प्रथम विकली गेली, त्याच जपानचे अधिकारी आता चित्रे मागायला येत. छी यांनी दारावर चिठ्ठी लावली की सरकारी मंडळींना चित्र विकले जाणार नाही. त्याच १९३७ साली त्यांनी आपल्या वयात एकदम दोन वर्षांची भर घातली; पंचाहत्तरावे वर्ष घातक आहे असे एका ज्योतिषाने सांगितले होते, म्हणून ते वर्ष चुकवून ते सत्त्याहत्तर वर्षांचे झाले! त्यांच्या अखेरच्या चित्रांवरील वय वाचताना अभ्यासकांना आजही ही वजाबाकी करावी लागते. नियतीने मात्र ही लबाडी चालवून घेतली असावी. १९५७ साली बीजिंगमध्ये चिनी चित्रकलेची अकादमी स्थापन झाली, तेव्हा ते तिचे सन्माननीय अध्यक्ष होते. त्याच वर्षी १६ सप्टेंबर रोजी, त्र्याण्णव वर्षांचे होऊन, ते वारले.

त्यानंतर या कलेवर जो प्रसंग आला, तो उपेक्षेपेक्षा भयंकर होता. १९६६ ते १९७६ या सांस्कृतिक क्रांतीच्या दशकात जुन्या शैलीत फूल काढणे हाही अपराध ठरू शके. हांगचौ येथील कला अकादमीचे प्रमुख पान तियानशौ यांनी पारंपरिक चित्रकलेच्या स्वतंत्र शिक्षणासाठी आयुष्य वेचले होते. त्यांची जाहीर विटंबना करण्यात आली आणि त्या छळातच १९७१ साली त्यांचा अंत झाला. १९७४ साली बीजिंगमध्ये ‘काळी चित्रे’ म्हणून एक निषेधप्रदर्शन भरवले गेले. ली खूचान यांचे कमळांचे चित्र त्यात होते. चित्रात आठ कमळे होती आणि त्या काळी सरकारमान्य आदर्श नाटकेही आठ होती. तेव्हा ही त्या नाटकांची टवाळी आहे, असा अर्थ काढण्यात आला. रिकाम्या जागेत अर्थ पाहायला शिकवणाऱ्या कलेचा याहून क्रूर उपयोग कोणी केला नसेल.

१९७६ नंतर उरलेले वृद्ध चित्रकार परतले, वर्ग पुन्हा भरू लागले, शिळेवर कांड्या उगाळल्या जाऊ लागल्या. आणि वादही परतला. १९८५ साली ली श्याओशान या तरुण अभ्यासकाने पारंपरिक चित्रकला आपल्या वाटेच्या शेवटाशी आली असल्याचे लिहून खळबळ उडवली. १९९२मध्ये ज्येष्ठ चित्रकार वू गुआनचोंग यांनी, चित्राच्या आशयापासून वेगळे काढले तर कुंचला आणि शाई यांचे मूल्य शून्य आहे, असे म्हटले. त्यावर कुंचला आणि शाई हीच या कलेची शेवटची सीमारेषा आहे, ती ओलांडून चालणार नाही, असे उत्तर १९९८ साली चांग दिंग यांनी दिले. दोघेही शाईत काम केलेले चित्रकार होते. ज्या कलेला तरणोपाय नाही असे एकेकाळी सांगितले गेले, तिच्यासाठी सुमारे ऐंशी वर्षांनंतर माणसे इतक्या तळमळीने भांडत होती.

बाजाराने आपले मत आपल्या भाषेत दिले. छी बायशी यांनी १९२५ साली, परिवर्तनाच्या त्या दशकात, बारा उभ्या पट्टांवर काढलेली निसर्गचित्रे डिसेंबर २०१७मध्ये बीजिंगच्या लिलावात ९३ कोटी १५ लाख युआनला विकली गेली. दोन डॉलरच्या पंख्याशी या आकड्याची तुलना करण्याचा मोह होतो. पण असे आकडे चित्रापेक्षा धनिकांविषयी अधिक सांगतात.

या शैलीचे आजचे जिवंत रूप लिलावगृहापेक्षा साध्या ठिकाणी सापडते. १९८३ साली शांदोंग प्रांतात वृद्धांसाठी चीनमधील पहिले विद्यापीठ निघाले आणि नंतर अशा शाळा देशभर पसरल्या. कारखान्यातून, दुकानातून, शेतीतून निवृत्त झालेली माणसे तेथे अक्षरलेखन आणि शाईचित्रे शिकायला बसतात. पुष्कळांना तरुणपणी शाळाच पुरती मिळालेली नसते, कारण सांस्कृतिक क्रांतीच्या काळात शाळा आणि महाविद्यालये वर्षानुवर्षे बंद राहिली होती. त्यांच्यासमोर सरावासाठी स्वस्त कागदाची चळत, पाण्याचे भांडे आणि एक नमुनाचित्र असते. नमुन्यात बहुधा कोळंबी असते. कुंचल्यात पाणी जास्त झाले की तिचे खंड एकमेकांत मिसळून नुसता डाग उरतो; कमी झाले की ती वाळलेल्या सुकटासारखी दिसते. पाणी किती घ्यावे हे सांगून कळत नाही. कागद बाजूला होतो, दुसरा घेतला जातो, शिळेवर कांडी पुन्हा फिरू लागते.